अनाथगृह आणि आत्मसन्मान

इ. स. १७४१ च्या मार्च महिन्याच्या २५ तारखेस रात्री आठ वाजता लंडनमधील हॅटन गार्डन ह्या भागातील एका घराचे दार उघडले. दारावरचा दिवा मुद्दाम मालविला होता. येणाऱ्या स्त्रियांचे तोंड कोणास दिसू नये, त्यांना कोणी ओळखू नये, अशी चालकांची इच्छा होती. मध्यरात्रीपर्यंत ३० तान्ही मुले आत घेण्यात आली आणि जागा संपली. उरलेल्या माता आपापली मुले पोटाशी धरून अंधारात परत गेल्या. टॉमस कोरम नावाच्या एका वृद्ध दर्यावर्दी कप्तानाने लंडनच्या रस्त्यांवर टाकून दिलेली अर्भके पाहिली होती, आणि सतरा वर्षे उमरावांच्या व त्यांच्या स्त्रियांच्या दारी खेटे घालून १७३९ साली राजाची सनद मिळविली होती. त्या सनदेतून निघालेली ही संस्था ‘फाउंडलिंग हॉस्पिटल’ ह्या नावाने प्रसिद्ध झाली. हॉस्पिटल ह्या शब्दाचा अर्थ येथे रुग्णालय असा नसून आश्रयस्थान असा आहे.

मुले जगावीत एवढाच तिचा आरंभीचा हेतू होता, आणि त्या काळच्या लंडनमध्ये तोही लहान नव्हता. पण जगलेली मुले वाढतात, बारा-चौदा वर्षांची होतात. आपण कोण, आपली किंमत काय, हा प्रश्न त्या वयात प्रत्येक मुलास पडतो. आईबापांच्या घरी वाढणाऱ्या मुलास त्याचे उत्तर कोणी मुद्दाम द्यावे लागत नाही. ते त्यास हाकेतून, रागावण्यातून, ताटात वाढलेल्या आवडीच्या पदार्थातून, आजीने पुनःपुन्हा सांगितलेल्या त्याच्या जन्माच्या हकिकतीतून आपोआप मिळत जाते. जेथे शेकडो मुले एका छपराखाली राहतात तेथे हे उत्तर कोठून यावयाचे? कोरमच्या संस्थेची दफ्तरे आजवर टिकून राहिल्यामुळे ह्या प्रश्नाचा इतिहास तेथे विशेष स्पष्टपणे वाचता येतो.

त्या दफ्तरांत पहिली लक्षात येणारी गोष्ट म्हणजे नाव. आत घेतलेल्या प्रत्येक मुलास क्रमांक मिळे आणि बाप्तिस्म्याच्या वेळी नवे नाव मिळे. आईने कोणते नाव ठेवले होते ह्याचा विचार होत नसे. पहिल्या मुलाचे नाव टॉमस कोरम आणि पहिल्या मुलीचे नाव युनिस कोरम असे ठेवण्यात आले. म्हणजे संस्थापक आणि त्याची पत्नी ह्यांचीच नावे ती. हे दांपत्य निपुत्रिक होते, ही गोष्ट येथे आठवल्यावाचून राहात नाही. पुढे आश्रयदात्या उमरावांची नावे मुलांना देण्याची चाल पडली. ती संपली तेव्हा इतिहासातील दर्यावर्दी व सेनापती ह्यांची नावे उपयोगात आली. काही वर्षांनी असे झाले की, मोठी झालेली मुले ज्या सरदाराचे नाव आपणास आहे त्याच्याशी आपले रक्ताचे नाते असेल असे समजू लागली. तेव्हा ती चाल बंद करून साधी, चारचौघांसारखी नावे देण्यात येऊ लागली. उमरावांना आपल्या नावाची काळजी वाटली, हे स्वाभाविकच होते. परंतु त्या मुलांनी केलेली ती समजूत किती बोलकी आहे! आपण कोणाचे तरी आहोत एवढे सिद्ध करण्यास त्यांच्याजवळ एका उसन्या नावावाचून दुसरे साधनच नव्हते.

दुसरी गोष्ट चिंध्यांची. पुढेमागे परिस्थिती सुधारल्यास आईला मूल परत मागता यावे म्हणून प्रवेशाच्या वेळी एखादी खूण ठेवून घेत. कोणी कापलेले नाणे ठेवी, कोणी बटण, कोणी अंगठी. बहुतेकींजवळ काहीच नसल्यामुळे मुलाच्या अंगावरील कपड्याचा तुकडा कापून नोंदीच्या कागदास टाचीत. १७५६ ते १७६० ह्या चार वर्षांत पार्लमेंटने पैसा पुरविला आणि येईल ते मूल घ्यावे असा हुकूम केला. तेव्हा १४,९३४ मुले आली आणि त्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश मरण पावली. १७४१ पासून १७६० पर्यंत घेतलेल्या १६,२८२ मुलांपैकी फक्त १५२ मुले आयांनी परत नेली. त्यानंतरच्या काळातील सेरा बेंडर हिची कथा अशीच दुर्मिळ आहे. १७६७ साली तिने आपला मुलगा चार्ल्स संस्थेत ठेवला, आणि ठिगळे जोडून शिवलेल्या एका पट्टीवर हृदयाची आकृती भरून ती मधोमध कापली. एक अर्धे संस्थेला दिले, एक स्वतःजवळ ठेवले. आठ वर्षांनी, १७७५ साली, ती आपला अर्धा तुकडा घेऊन आली आणि मुलाला घेऊन गेली. दरम्यान चार्ल्सचे नाव बेंजामिन ट्वर्ल असे झालेले होते.

ह्या खुणांसंबंधी ध्यानात घेण्यासारखी गोष्ट अशी की, त्या मुलांना कधीच दाखविल्या जात नसत. गुप्तता आईच्या अब्रूसाठी होती आणि ती आवश्यकही होती. परंतु आपल्या आईने जाताना आपल्यासाठी काही ठेवले होते, ती आपणास सहज टाकून गेली नव्हती, एवढे ज्ञानही मुलास मिळाले नाही. ते कागद घड्या घालून कपाटात बंद होते, आणि ज्यांच्यासाठी ते ठेवले होते ती मुले त्याच इमारतीत, काही भिंतींच्या अलीकडे, आपण कोणासही नकोसे होतो असे समजून वाढत होती.

तिसरी गोष्ट ह्याहूनही कठीण आहे. मुलांना शहरात न ठेवता केंट, सरी इत्यादी परगण्यांतील खेड्यांत दायांच्या घरी पाठविण्यात येई. आरोग्याच्या दृष्टीने ही व्यवस्था त्या काळात उत्तम होती. पाच वर्षांचे होईपर्यंत ते मूल त्या शेतकरी घरातच वाढे, दाईला आई म्हणे, तिच्या मुलांना भावंडे समजे. मग एके दिवशी गाडी येई आणि त्यास लंडनला परत नेई. तेथे पिंगट रंगाचा गणवेश, लांबलचक खोलीतील ओळीने मांडलेल्या खाटा आणि घंटेवर चालणारा दिवस. काही दायांनी मूल परत देण्यास खळखळ केली, काहींना ते ठेवूनही घेता आले; बहुतेकांच्या बाबतीत वियोग अटळ होता. जन्मदात्री आई त्या मुलास आठवत नसे. ही दुसरी मात्र आठवे. अनाथगृहात वाढलेल्या मुलाच्या मनातील कमीपणाची भावना जन्माच्या प्रसंगातून येते असे सामान्यतः समजले जाते. वस्तुस्थिती अशी दिसते की, ह्या मुलांवर अनाथपण पाचव्या वर्षी आणि तेही सद्धेतूने ओढवले.

मग शिक्षण. मुलांना कष्टाची व हलकी कामे समाधानाने करण्याची सवय लागावी, हा चालकांचा उघड सिद्धांत होता. ज्या गरिबांनी प्रामाणिकपणे आपली मुले पोसली त्यांच्या मुलांशी ह्यांनी बरोबरी करू नये, असेही त्यांस वाटे. म्हणून प्रारंभीच्या काळात वाचन शिकवीत, लेखन आवश्यक मानीत नसत. मुलगे जहाजावर किंवा शेतावर, मुली घरकामास, अशी उमेदवारी ठरलेली असे. रविवारी संस्थेच्या प्रार्थनामंदिरात मुलांचे गायन ऐकण्यास लंडनमधील प्रतिष्ठित समाज लोटे. हॅंडेल ह्या थोर संगीतकाराने १७५० साली तेथे आपल्या ‘मेसाया’ ह्या रचनेचा प्रयोग करून संस्थेस द्रव्य मिळवून दिले होते. तेव्हापासून तेथील संगीताची कीर्ती होती. गायन संपले की हीच मंडळी भोजनगृहात जात आणि मुले जेवताना पाहात. ह्यात कोणाचाही दुष्ट हेतू नव्हता. पैसा ह्याच मार्गाने येई. पण दर रविवारी अपरिचित लोकांच्या नजरेखाली कृतज्ञ मुद्रेने जेवावयाचे, हा धडा बारा वर्षांच्या मुलाच्या मनावर कोणता ठसा उमटवीत असेल ह्याची कल्पना करणे कठीण नाही.

तरीही त्याच भिंतींच्या आत जॉन ब्राउनलो वाढला. १८०० साली जन्मलेला हा अनाथ मुलगा संस्थेच्या कचेरीत कारकून झाला आणि १८४९ साली तिचा चिटणीस झाला. संस्थेचा इतिहासही त्यानेच लिहिला. डिकन्स संस्थेच्या शेजारी राहात असे आणि तेथील प्रार्थनेस जात असे. ‘ऑलिव्हर ट्विस्ट’मधील पोरक्या मुलास आसरा देणाऱ्या सज्जनाचे नाव ब्राउनलो आहे. चिटणीसाची मुलगी एमा हिने १८५८ साली आईस मूल परत मिळाल्याचा देखावा रंगविला आणि त्यात आपल्या वडिलांस चितारले. जॉन ब्राउनलो इतर मुलांहून अधिक बुद्धिमान असेल. परंतु त्याच्या आयुष्यात एक वेगळी गोष्ट घडली हेही खरे. संस्थेने त्यास पोसले एवढेच झाले नाही, संस्थेस त्याची गरज लागली. जुन्या खुणांची कपाटे उघडून त्यांपैकी काही लोकांस पाहण्यासाठी मांडली तीही ह्याच मनुष्याने.

कोरमच्या दारावरील दिवा मालविला गेला त्यास सव्वाशे वर्षे होत आली तेव्हा पुण्यातही असेच एक दार उघडले. १८६३ साली जोतीराव व सावित्रीबाई फुले ह्यांनी आपल्या घरी बालहत्याप्रतिबंधक गृह सुरू केले. विधवेस मूल झाले तर त्या मुलाचा गळा दाबणे किंवा स्वतः विहीर जवळ करणे, ह्यावाचून तिसरा मार्ग समाजाने तिला ठेवला नव्हता. येथे गुप्तपणे येऊन सुखरूप बाळंत व्हावे, मूल न्यावे अथवा ठेवावे, अशा अर्थाची पत्रके शहरात लावण्यात आली. १८७५ साली पंढरपूर येथे लालशंकर उमियाशंकर ह्यांच्या पुढाकाराने प्रार्थना समाजाच्या मंडळींनी अशीच संस्था काढली. हेतू लंडनचाच होता. परंतु पुण्यातील गृहात एक गोष्ट अशी घडली की जी हॅटन गार्डनमध्ये घडणे शक्य नव्हते. काशीबाई नावाच्या ब्राह्मण विधवेस तेथे झालेला मुलगा १८७४ च्या सुमारास फुले दांपत्याने स्वतःच दत्तक घेतला. त्याचे नाव यशवंत.

मराठी मनुष्याच्या नावाची रचना पाहिली म्हणजे ह्या कृत्याचे महत्त्व ध्यानात येते. स्वतःचे नाव, मग वडिलांचे नाव, मग आडनाव, अशी आपल्याकडील रीत आहे. शाळेच्या पटावर, मुंजीच्या पत्रिकेत, कोर्टाच्या कागदात मनुष्य एकटा कधीच उभा राहात नाही. मागे बाप उभा असतो. कोरमने पहिल्या मुलास आपले नाव दिले, पण ते दात्याचे नाव होते. यशवंत जोतीराव फुले ह्या नावात मधले स्थान बापाचे आहे. समाजाने मात्र ते सहजासहजी मान्य केले नाही. यशवंताच्या विवाहाच्या वेळी त्याच्या जन्माची अडचण पुढे आलीच. ज्ञानोबा ससाणे ह्यांनी आपली कन्या दिली. १८९० साली जोतीराव वारले तेव्हा अंत्ययात्रेत टिटवे धरण्याच्या हक्कावरून भाऊबंदांनी दत्तकपुत्रास हरकत घेतली, आणि सावित्रीबाईंनी स्वतः पुढे होऊन ते हाती घेतले. यशवंत डॉक्टर झाला. १८९७ च्या प्लेगात त्याने पुण्याबाहेर रुग्णांवर उपचार केले. सावित्रीबाई रोग्यांना आणून त्याच्या स्वाधीन करीत, आणि त्याच कामात १० मार्च १८९७ रोजी त्यांचा अंत झाला. ज्या मुलास हे जगच मिळावयाचे नव्हते तो इतरांचे प्राण वाचविण्यासाठी उभा होता. ह्यास अपवाद म्हणून बाजूस सारणे सोपे आहे. अपवाद तर तो होताच, कारण आश्रमाच्या चालकांनी आश्रितास पुत्र मानावे ही गोष्टच अपवादात्मक आहे.

‘अनाथ’ ह्या शब्दाचीही गंमत पाहण्यासारखी आहे. भक्तिमार्गात तो लाजिरवाणा नाही. विठ्ठल हा अनाथांचा नाथ, आणि भक्त स्वतःस आनंदाने अनाथ म्हणवितो. निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान आणि मुक्ताबाई ह्या पोरक्या भावंडांना ‘संन्याशाची पोरे’ म्हणून हिणविले गेले अशी परंपरा आहे. पैठणच्या एकनाथांनाही आजोबांनीच वाढविले. परंतु हा शब्द देवळातून निघून पाटीवर गेला की त्याचा अर्थ पालटतो. १८९६ साली धोंडो केशव कर्वे ह्यांनी स्थापन केलेल्या अनाथबालिकाश्रमाच्या नावातून आणि १९०९ साली पुण्यात निघालेल्या अनाथ विद्यार्थी गृहाच्या नावातून पुढे हा शब्द गळला. आपल्या पत्त्यात तो शब्द लिहावा लागणे मुलांना किती जड जात असेल हे पाहता तो गेला हे बरेच झाले.

ह्याच पुण्यात वार लावून जेवण्याची चाल होती. गरीब विद्यार्थी सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी, असा आठवडा भरीत असे. ज्या चालीने कित्येक विद्वान घडले तिची थोरवी कमी करण्याचे कारण नाही. पण एकाच ताटातील अन्न दोन घरी दोन प्रकारे अंगी लागे. एके घरी गृहिणी ‘आज उशीर का रे झाला? परीक्षा केव्हा?’ असे विचारी. दुसऱ्या घरी पान मांडलेले असे आणि कोणी बोलत नसे. पहिल्या घरी मुलगा दोन घास कमी मिळाले तरी ताठ मानेने बाहेर पडे.

मानसशास्त्राने जेव्हा ह्या विषयात प्रवेश केला तेव्हा त्यास जवळजवळ हेच आढळले. विल्यम जेम्स ह्या अमेरिकन पंडिताने १८९० साली आत्मसन्मानाची व्याख्या एका अपूर्णांकाच्या रूपाने केली: मनुष्यास लाभलेले यश हा अंश, आणि त्याने बाळगलेली आकांक्षा हा छेद. यश वाढविले तरी भागाकार वाढतो आणि आकांक्षा कमी केली तरीही वाढतो. फाउंडलिंग हॉस्पिटलच्या चालकांनी हा दुसरा मार्ग जेम्सच्या पूर्वीच दीडशे वर्षे अवलंबिला होता. मुलाने काही इच्छूच नये म्हणजे तो कधी निराश होणार नाही! अनाथगृहातील मुलांस प्रश्नावली देऊन त्यांचा आत्मसन्मान मोजणाऱ्यांनी ही गोष्ट विसरता कामा नये. ज्या मुलाने जगाकडून फारसे काही मागावयाचे नाही असे ठरविले आहे, तो आपण समाधानी आहोत असे खरेपणाने लिहून देईल.

अशी प्रश्नावली पुढे मॉरिस रोझेनबर्ग ह्या समाजशास्त्रज्ञाने तयार केली. तीत अवघी १० विधाने आहेत आणि आजही ती जगभर वापरली जाते. १९६५ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ग्रंथात न्यूयॉर्क संस्थानातील १० शाळांतील ५,०२४ किशोरवयीन विद्यार्थ्यांचा अभ्यास आहे. ही बहुतेक आपल्या घरी राहणारी मुले. त्याने विचारलेले काही प्रश्न अगदी घरगुती होते: तुझे मित्र कोण हे आईला ठाऊक होते काय? परीक्षेत गुण कमी पडले तर घरी काय होई? जेवताना घरातील बोलण्यात तुलाही बोलू देत काय? निष्कर्ष असा निघाला की, कमी गुणांबद्दल ज्यांना घरी बोलणी बसत त्यांच्यापेक्षाही, ज्यांच्या गुणांकडे कोणी लक्षच देत नसे त्यांचा आत्मसन्मान अधिक खालावलेला होता. रागावणाऱ्या बापाचे समर्थन ह्यातून काढावयाचे नाही; पण मुलास उपेक्षा क्रोधापेक्षाही झोंबते हे मात्र दिसते. आईबाप असलेल्या घरातही ही उपेक्षा असू शकते. अनाथगृहात ती कोणाच्या मनात नसतानाही उत्पन्न होते. चाळीस मुलांमागे दोन काळजीवाहक असतील, आणि त्याही दर सहा महिन्यांनी बदलत असतील, तर गुणपत्रिका हातात धरून उभ्या राहिलेल्या मुलाने ती दाखवावयाची कोणास?

दुसऱ्या महायुद्धात लंडनवर बाँब पडत असता अ‍ॅना फ्रॉइड आणि डोरोथी बर्लिंगहॅम ह्यांनी हॅम्पस्टेड येथे मुलांसाठी निवासगृहे चालविली. प्रथम सर्व परिचारिका सर्व मुलांचे सर्व काही करीत. मग त्यांनी मुलांचे चार-पाच जणांचे लहान गट पाडून प्रत्येक गट एकेका परिचारिकेच्या स्वाधीन केला. मुले सुधारतील अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात प्रथम ती रडू लागली, हट्ट करू लागली, ‘माझ्या’ बाईंजवळ दुसऱ्याने बसू नये म्हणून भांडू लागली. त्या दोघी विदुषींना ह्यात बिघाड दिसला नाही. पूर्वी ज्यांना मत्सर वाटण्यासारखे काही नव्हते त्यांना आता हरवण्यासारखे काही मिळाले होते. शिस्तीच्या अनाथगृहास भेट देऊन ‘मुले किती शहाणी आहेत, मुळीच रडत नाहीत’ असा शेरा लिहिणाऱ्या पाहुण्यांनी ही हकिकत वाचण्यासारखी आहे.

संस्था आणि कुटुंब ह्यांची सरळ तुलना पुढे बार्बरा टिझर्ड व जिल हॉजेस ह्यांनी केली. लंडनच्या शिशुगृहांत आयुष्याची पहिली काही वर्षे काढलेली मुले त्यांनी सोळाव्या वर्षापर्यंत नजरेखाली ठेविली. त्यांपैकी काही मुले दत्तक गेली होती, काही आपल्या जन्मदात्या आईबापांकडे परत गेली होती. १९८९ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष पुष्कळांस अनपेक्षित वाटेल. दत्तक गेलेल्या बहुतेक मुलांचे नव्या आईबापांशी गाढ नाते जडले होते. स्वतःच्या घरी परत गेलेल्यांचे नाते त्या मानाने दुबळे राहिले. दत्तक घेणाऱ्यांनी ते मूल हवे म्हणून मागून आणलेले होते. परत नेणाऱ्यांपैकी पुष्कळांच्या घरी अडचणी होत्या, नवी भावंडे होती, आणि त्या मुलासाठी जागा करावी लागत होती. समवयस्कांत मिसळताना मात्र दोन्ही गटांतील मुलांस अडचण पडे. लहानपणीची ती वर्षे अगदीच पुसली जात नाहीत.

रुमानियातील अनुभव फार भयंकर आहे. १९६६ साली तेथील सरकारने लोकसंख्या वाढविण्यासाठी गर्भपातास बंदी केली. नको असलेली मुले सरकारी गृहांत साठत गेली. १९८९ साली ती राजवट कोसळली तेव्हा एक लाखाहून अधिक मुले त्या गृहांत होती. पुढे बुखारेस्ट येथे १३६ बालके घेऊन चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे त्यांचे दोन भाग करण्यात आले. अर्धी मुले प्रशिक्षित पालकांच्या घरी ठेवली, उरलेल्यांची व्यवस्था पूर्वीप्रमाणेच चालू राहिली. जी लवकर, विशेषतः दोन वर्षांच्या आत, घरात गेली ती मुले जिव्हाळा जोडण्यात स्पष्टपणे पुढे गेली, आणि किशोरवयापर्यंत त्यांचा अभ्यास चालू राहिला.

एवढ्यावरून सर्व अनाथगृहे बंद करावीत असे कोणी म्हणेल. परंतु २००९ साली प्रसिद्ध झालेली एक मोठी पाहणी सावध करते. भारत, कंबोडिया, इथिओपिया, केनिया आणि टांझानिया ह्या पाच देशांत ६ ते १२ वर्षांची संस्थांत राहणारी १,३५७ मुले आणि नातेवाइकांकडे किंवा समाजात राहणारी १,४८० अनाथ मुले तपासण्यात आली. भारतातील ठिकाणे हैदराबाद आणि नागालँड ही होती. संस्थांतील मुले आरोग्यात, बुद्धीत किंवा मनःस्वास्थ्यात मागे पडलेली आढळली नाहीत. ही तुलना आईबापांच्या घराशी नव्हती, हे विसरून चालणार नाही. ज्या मुलाचे आईबाप नाहीत त्यापुढे चांगले घर हा पर्याय बहुधा नसतोच. चुलत्याच्या घरी पडेल ते काम करून खाणे, किंवा एखादी बऱ्या रीतीने चालविलेली संस्था, ह्यांतूनच निवडावयाचे असते. ‘आपल्या माणसांत आहे ना?’ ह्या प्रश्नाने आपण पुष्कळदा सुटतो. त्या माणसांत मुलाची जागा कोठे आहे, ते जेवावयास कितवे बसते, हे विचारीत नाही.

लंडनची ती संस्था १९२६ साली शहर सोडून गेली, १९३५ साली बर्कहॅम्स्टेड येथे नव्या इमारतीत स्थिर झाली आणि १९५४ साली मुले घरोघर ठेवण्याची पद्धत स्वीकारून तिने आपले निवासगृह बंद केले. ऑस्ट्रियातील इम्स्ट गावी १९४९ साली हर्मान ग्माइनर ह्याने एकेका घरात एकेक आई आणि तिच्याभोवती थोडी मुले अशी वसती उभारली. तिच्या शाखा भारतातही आहेत. २०१५ च्या बालन्याय कायद्याने आपल्याकडेही संस्थेपेक्षा कुटुंबास अग्रक्रम दिला आहे. त्याच कायद्याप्रमाणे १८ वर्षे पूर्ण होताच संस्थेतील वास्तव्य संपते आणि २१ व्या वर्षापर्यंत अनुरक्षणाची सोय करता येते. मध्यमवर्गीय घरातील अठरा वर्षांच्या मुलास आपण अद्याप मूल समजतो. त्याच्या कॉलेजच्या डब्याची काळजी करतो. अनाथगृहातील मुलगा त्या दिवशी एक पेटी आणि काही कागद घेऊन बाहेर पडतो.

त्या कागदांतच त्याची पुढील लढाई असते. जात ठाऊक नाही म्हणून जातीचा दाखला नाही, दाखला नाही म्हणून सवलत नाही, आणि पाठीशी घर नाही म्हणून खुल्या स्पर्धेत टिकाव नाही, अशी कोंडी अनेक वर्षे होती. महाराष्ट्र शासनाने २०१८ साली अनाथ मुलांसाठी शिक्षणात आणि शासकीय नोकऱ्यांत १ टक्का समांतर आरक्षण ठेविले, तेव्हा ती काहीशी फुटली. २०२४ च्या मार्च महिन्यात मंत्रिमंडळाने आणखी एक निर्णय केला: त्या वर्षीच्या १ मे पासून जन्मलेल्या मुलांच्या शासकीय कागदपत्रांत मुलाच्या नावानंतर प्रथम आईचे नाव यावे, मग वडिलांचे आणि मग आडनाव. मुलास एकटीने वाढविणाऱ्या स्त्रीचे नाव ह्यामुळे प्रथमच नावाच्या ओळीत आले. संस्थेत वाढलेल्या मुलाच्या ओळीत मात्र आता एकाऐवजी दोन जागा मोकळ्या राहतात. आणि पुष्कळ ठिकाणी आडनावही संस्थेच्या चालकांपैकी कोणीतरी दिलेले असते, जसे ते हॅटन गार्डनमध्ये दिले जात होते.